डिझेलचा वारा

मी वातमापक बोलतोय. नाव भारदस्त आहे, अंग मात्र बेताचंच. एक उभा दांडा, त्याच्या डोक्यावर तीन आडव्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला करवंटीच्या आकाराची पत्र्याची वाटी. दांड्याच्या बुडाशी काचेच्या झरोक्यात आकडे. वारा वाट्यांना ढकलतो, मी फिरतो, आकडे पुढे सरकतात. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की चोवीस तासांत माझ्यावरून किती किलोमीटर वारा गेला ते कळतं. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामावरून एका माणसाची नोकरी जाईल, असं मला फिरताना कधी वाटलं नव्हतं.

माझा जन्म सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतला. आजूबाजूला पंपांचे पंखे, इंजिनांच्या पट्ट्या, फवारणीच्या टाक्या तयार होत होत्या. त्या धबडग्यात एका कारागिराने आठवडाभर बसून माझ्या वाट्या ठोकल्या, समतोल साधला आणि टेबलफॅनपुढे धरून मला फिरवून पाहिलं. ‘पळतंय झकास,’ म्हणाला आणि भुसा भरलेल्या खोक्यात मला घातलं. त्र्याण्णव सालच्या जानेवारीत जयराज नावाचे तरुण इंजिनिअर ते खोकं घेऊन गेले. सांगलीतच त्यांचं सल्लागाराचं ऑफिस होतं. त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि जीप सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाकडे निघाली.

धरणाच्या फुगवट्यात तिथे एक बेट आहे. पूर्वी ती नुसती टेकडी होती, पायथ्याला गाव होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, टेकडी तेवढी वर राहिली. पुढे नाथाजीराव देशमान्यांनी सरकारदरबारी खटपट करून ती टेकडी मिळवली आणि तिच्यावर श्रमदीप ग्रामविद्यापीठ उभं केलं. शेती, दुग्धव्यवसाय, गृहविज्ञान असे अभ्यासक्रम, दोनशे मुलंमुली, साठ जनावरांचा गोठा, दोन वसतिगृहं, आणि सगळ्यात वर संचालकांचा, म्हणजे खुद्द नाथाजीरावांचा बंगला. बंगल्यापुढे हिरवळ. पाण्याने वेढलेल्या बेटावर पाणी फार लांबून चढवावं लागतं हे मला तिथे समजलं.

आणखीही एक गोष्ट समजली. ज्या धरणाने हे बेट झालं, त्याच धरणावर वीज तयार होत होती. पलीकडच्या काठावरून मोठमोठ्या मनोऱ्यांवरच्या तारा ती वीज घेऊन लांबच्या शहरांकडे जात. बेटावरून त्या तारा स्पष्ट दिसायच्या. बेटाला मात्र वीज नव्हती. पाण्याखालून केबल टाकायचा प्रस्ताव कुठल्याशा कपाटात होता. तोवर डिझेलचा जनरेटर. डिझेलचे बॅरल रोज लाँचमधून येत.

यावर नाथाजीरावांनी स्वावलंबी वीज योजना काढली होती. बेटाच्या दोन टोकांना दोन मोठ्या पवनचक्क्या. त्या केवढ्या, त्यांचा रंग कोणता, उद्घाटनाला कोणते मंत्री, कोनशिलेवर कुणाचं नाव कितव्या ओळीत, सगळं ठरलं होतं. वारा आहे का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. त्यासाठी मला आणलं होतं.

टेकडीच्या माथ्यावर, बंगल्याच्याही वर, मोकळ्या खडकात उंच खांब रोवून मला बसवलं. खालून मुलं बघायला आली. कुणी म्हणालं पंखा, कुणी म्हणालं कावळे हाकलायचं यंत्र. जनरेटरवर काम करणारा बिराप्पा, जत भागातला धनगर, तंबाखू मळत बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आरं, हे तर भिरभिरं हाय!” त्या दिवसापासून बेटावर माझं नाव भिरभिरं. वातमापक मी फक्त फायलीत होतो.

माझे आकडे लिहायचं काम माया रणपिसे यांच्याकडे आलं. माया भौतिकशास्त्राच्या पदवीधर, प्रयोगशाळेत सहायक. नेमणूक तात्पुरती, अकरा महिन्यांची, मग एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. प्रत्येक वेळी नाथाजीरावांची सही. त्यांचे वडील राजाराम संस्थेची लाँच चालवत. पाण्याखाली गेलेलं गाव त्यांचंच. गावातल्या जमीनवाल्यांना बदली जमिनी मिळाल्या. राजारामच्या नावावर जमीन नव्हतीच, वस्तीतल्या कुणाच्याच नव्हती. जमीन नव्हती म्हणून बदली मिळाली नाही. मग बुडालेल्या गावावरून लाँच हाकायची नोकरी मिळाली. पाणी उतरलं की उन्हाळ्यात एखाद्या घराचा चौथरा वर दिसायचा. राजाराम तिथून लाँच जरा वळसा घालून नेत.

माया रोज सकाळी साडेआठला माथ्यावर येत. साडी खोचलेली, काखेत निळी वही, कानामागे पेन्सिल. झरोका पदराने पुसायच्या, आकडा दोनदा वाचायच्या, एकदा लिहायच्या. मग तिथेच खडकावर बसून वजाबाकी. दिवाळीला आल्या. चौदा एप्रिलला निळ्या काठाची नवी साडी नेसून आल्या, आकडा लिहिला आणि मग खाली पंचशीलाला गेल्या. एकदा अंगात ताप होता तर आई, पारूबाई, सोबत आल्या. चढ चढून धापा टाकत त्या म्हणाल्या, “आगं, एक दीस न्हाई ल्हिलं तर वारा काय पळून जातुया व्हय?”

“जातो ना आई. तोच तर मोजायचा आहे.”

पारूबाई हसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बघ बाबा भिरभिऱ्या, तुझ्यापायी लेक तापात उनाची वर आली.” मला कसनुसं झालं.

वर्ष असं गेलं आणि वही भरत आली. खरं सांगायचं तर माझं प्रगतिपुस्तक काही चांगलं नव्हतं. जून ते ऑगस्ट मी वेड्यासारखा फिरलो. घाटाकडून वारा यायचा आणि खांबासकट मला हलवायचा. सप्टेंबरनंतर पश्चिमेची डोंगरसोंड आमच्या बेटाला वाऱ्याआड घेऊन बसायची. हिवाळ्यात मी रेंगाळत फिरायचो. मार्च-एप्रिलमध्ये कित्येकदा सकाळपासून दुपारपर्यंत हललोच नाही. म्हणजे पवनचक्कीला पुरेल असा वारा वर्षातून जेमतेम साडेतीन महिने, आणि तोही नेमका वसतिगृह सुट्टीवर किंवा नुकतंच उघडलेलं, पाण्याची गरज शून्य, छप्परं गळताहेत अशा दिवसांत.

दुसरी कुणी असती तर एवढं लिहून थांबली असती. मायांना प्रश्न पडला की वीज किती हवी हे तरी कुणी मोजलंय का? कुणीच मोजलं नव्हतं. मग त्यांनी दुसरी वही घातली. पण मोजायचं कशाने? जनरेटरवरचे काटे कधीचे बंद होते. तिथे बिराप्पा कामी आला.

“तुम्ही फक्त इचारा, मायाताई,” तो म्हणाला. “गिरणी लागली की हे खोकतंया. पंप लागला की कण्हतंया. आन् निस्ते दिवे आसले की आसं गुरगुरतंया, झोपल्यालं कुत्रं गुरगुरतं तसं.”

दोन महिने त्याच्या कानावर भरवसा ठेवून मायांनी तासातासाचा तक्ता केला. बिराप्पाने सांगायचं, यांनी लिहायचं. तक्ता तयार झाला तेव्हा बिराप्पाही चाट पडला. चौदा तास जनरेटर चालायचा, त्यातले नऊ तास तो नुसताच गुरगुरायचा. एवढं मोठं धूड, आणि चालत होतं ऑफिसातल्या चार पंख्यांसाठी आणि बंगल्यातल्या फ्रीजसाठी. संध्याकाळी मात्र दिवे, गिरणी आणि हिरवळीचा पंप एकदम लागायचे, आणि त्या दीड तासासाठी एवढ्या मोठ्या जनरेटरची गरज पडायची.

मायांची योजना त्या तक्त्यातून आपोआपच निघाली. पाणी दुपारी चढवायचं, उंचावरच्या टाकीत साठवायचं. गिरणीही दुपारीच. साठ जनावरांच्या शेणाचा गोबरगॅस करून त्यावर लहान इंजिन, त्यातून संध्याकाळचे दिवे. वसतिगृहांच्या गच्चीवर उन्हाने पाणी तापवायचे बंब. वाचनालयापुरते सौर पत्रे. मोठा जनरेटर अडीअडचणीला. पवनचक्की एकही नाही.

हे सगळं त्यांनी नाथाजीरावांना सांगितलं ते माथ्यावरच, माझ्या खांबाखाली. नाथाजीराव सकाळचे फिरायला येत. खादीचा झब्बा, काळा चष्मा, हातात काठी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. स्वप्नं मोठी होती, आणि त्या स्वप्नांत फोटोही असायचे.

“रणपिसेबाई, कष्ट घेतलेत,” ते म्हणाले. “पण मला सांगा, पवनचक्की पलीकडच्या काठावरून दिसते. एस.टी.तनं जाणारा माणूस म्हणतो, ते बघा श्रमदीप. गोबरगॅस कुठनं दिसणार?”

“दिसणार नाही सर. पण दिवे लागतील.”

“आणि शेणाच्या टाकीचं उद्घाटन करायला मंत्री येतो का कधी?” ते मोकळेपणाने हसले. “जागा चुकली असंल हो. जयराजना सांगतो, हे यंत्र जरा चांगल्या ठिकाणी हलवा म्हणून. पाहुण्यांना एवढा चढ चढवतही नाही.”

जयराज आले. त्यांना घाई होती. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये योजनेच्या मंजुरीसाठी सरकारी समिती येणार होती. खाली खोलगटात जनरेटरची शेड होती, तिच्या शेजारी जुन्या लाउडस्पीकरचा लोखंडी खांब आयता उभा होता. धक्क्यावरून चार पावलांवर. मला तिथे बसवलं. इंजिनाच्या पंख्याने फेकलेली गरम हवा बाहेर जावी म्हणून बिराप्पाने पत्र्याचा एक पन्हळ छपरातून बाहेर काढला होता. त्याचं तोंड माझ्या वाट्यांपासून हातभर अंतरावर होतं, हे कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि काय सांगू! माझे दिवसच पालटले. सकाळी जनरेटर सुरू झाला की मी फिरायला लागायचो ते थांबायचं नाव नाही. फेब्रुवारीत फिरलो, एप्रिलात फिरलो, झाडाचं पान हलत नसताना फिरलो. मला वाटलं, हीच माझी जागा. माथ्यावर उगीच वर्ष वाया गेलं. लोक येता-जाता मान वर करून बघायचे. नाथाजीराव पाहुण्यांना सांगायचे, “बघा, बघा, कसा पळतोय!” माझी छाती पत्र्याची, पण फुगली. आज हे सांगताना लाज वाटते, पण त्या महिन्यांत मी मायांवर थोडा नाराज होतो. त्या पूर्वीसारख्या आकडा लिहीत, वजाबाकी करत, पण चेहऱ्यावर कौतुक म्हणून नसायचं. कपाळावर आठी.

मग एकदा लाँचचं इंजिन बिघडलं. दोन दिवस डिझेल आलं नाही, जनरेटर बंद. दुसऱ्या सकाळी मायांनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. चोवीस तासांत माझ्यावरून वारा गेला होता अवघा सहा किलोमीटर. एरवी दिवसाला तीनशे जायचा. तिसऱ्या दिवशी लाँच आली, जनरेटर फटफटला, मी पळू लागलो. माया खांबाला शिडी लावून वर चढल्या आणि पदराचं टोक माझ्यासमोर धरलं. पदर फडफडला. त्यांनी तो नाकाशी नेला.

“बिराप्पा,” त्या वरूनच म्हणाल्या, “वाऱ्याला डिझेलचा वास येतोय.”

बिराप्पा बाहेर आला. पन्हळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून खालीच बसला. “आयला! म्हंजी ह्यो सगळा वारा माझाच व्हय?” आणि हसायला लागला. माया हसल्या नाहीत. मी तर काय हसणार. वर्षभर ज्याचा तोरा मिरवला ती हवा जनरेटरची उष्टी होती.

त्यांनी जयराजना पत्र लिहिलं. जयराज आठवड्याने आले. त्यांच्याकडे तोवर तक्ते, आलेख, जाड कव्हरचा अहवाल तयार होता. शेडच्या आडोशाला उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणला.

“हे बघा मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण वारा कुठून आला हे वही विचारत नाही. ती फक्त आकडा विचारते. अहवाल गेलाय. समिती पुढच्या महिन्यात येतेय.”

“पवनचक्की उभी राहील आणि फिरणार नाही. मग?”

“मग म्हणता येईल, त्या वर्षी वारा कमी पडला.” ते अवघडून हसले. “मलाही ऑफिस चालवायचंय. आणि तुमची अकरा महिन्यांची ऑर्डर एप्रिलमध्येच संपते ना?”

धमकी नव्हती ती. काळजीच्या सुरात बोलले होते. म्हणून जास्त लागली असावी.

दुसऱ्या दिवशी राजाराम डिझेलचा बॅरल ढकलत शेडपर्यंत आले. लेकीला तिथे बघून त्यांनी बॅरल थांबवला, डोक्याचा पंचा काढून घाम पुसला.

“बिराप्पानं सांगितलं मला,” ते म्हणाले. “काय करनार हायस?”

“कळत नाही आबा.”

“मी सांगू? गप ऱ्हा.” मायांनी चमकून पाहिलं तसे ते बॅरलवर टेकले. “आगं, आमाला एकदा उठिवलं हितनं. घरात पानी आलं तवा तू कडेवर हुतीस. तवा कोन आमाला इचारलं न्हाई, आमी काय बोललो न्हाई. आता ह्या बेटावर तुजी नोकरी, माजी लाँच. दोगांस्नी एकदमच उठिवलं तर? फिरूदे की दोन पंखं. न्हाई फिरलं तर ऱ्हाऊदेत हुभं. आपलं काय जातंय?”

“तुम्हाला तेव्हा विचारलं असतं तर काय सांगितलं असतं आबा?”

राजारामनी पंचा पुन्हा डोक्याला गुंडाळला. बॅरल शेडमध्ये लोटला आणि निघून गेले.

समिती आली मार्च पंचाण्णवमध्ये, भर दुपारी. तिघे जण. प्रमुख होत्या क्रांतीताई निकम, निवृत्तीला टेकलेल्या सरकारी इंजिनिअर. हातमागाची साडी, पायात कापडी बूट. त्या लाँचमधून उतरल्या तेव्हाच मी पाहिलं की बाई आधी झाडांकडे बघतात, मग माणसांकडे. झाडाचं पान हलत नव्हतं. जनरेटर मात्र खास पाहुण्यांसाठी सकाळपासून धडधडत होता, आणि मी गरगर फिरत होतो.

खांबाखाली सतरंजी, खुर्च्या, नारळपाणी. जयराजनी आलेख उलगडला. नाथाजीराव म्हणाले, “अध्यक्ष महोदया, निसर्गाने या बेटाला दोन गोष्टी भरभरून दिल्यात. एक पाणी, दुसरा वारा.” क्रांतीताईंनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला.

“बारा महिने जवळजवळ सारखाच वारा?” त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. “असा आलेख मी कोकणपट्टीतही पाहिला नाही. आकडे कुणी घेतले?”

सगळ्यांच्या माना मायांकडे वळल्या. त्या पाठीमागे उभ्या होत्या, दोन्ही वह्या छातीशी धरून. जयराजनी हळूच मान हलवली, नको म्हणून. धक्क्यावर लाँचचा दोर धरून राजाराम उभे होते.

“मी घेतले,” माया म्हणाल्या. “आकडे बरोबर आहेत मॅडम. पण...” क्रांतीताईंकडे न बघता त्या शेडकडे वळून म्हणाल्या, “बिराप्पा, पाच मिनिटं जनरेटर बंद करा.”

“बंद कशाला?” नाथाजीराव खुर्चीतून अर्धे उठले. “पंखे चाललेत पाहुण्यांचे!”

बिराप्पा शेडच्या दारात उभा. संचालकांकडे बघतो, मायांकडे बघतो. हात दांडीवर, पण दांडी ओढवत नाही. तेव्हा धक्क्यावरून आवाज आला.

“बिराप्पा, माझी लेक काय म्हनतीया, ऐकू न्हाई आलं व्हय रं?”

राजाराम होते ते. एवढ्या मोठ्याने ते बोललेले बेटावर कुणी ऐकलं नव्हतं.

बिराप्पाने दांडी ओढली. जनरेटर खोकला, कण्हला, गप्प झाला. आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. माझा वेग उतरला. मी जीव तोडून इच्छा केली, एक झुळूक येऊ दे, एकच. माझी अब्रू जाऊ देऊ नको. झुळूक आली नाही. एक फेरी, अर्धी फेरी, आणि तिन्ही वाट्या जागच्या जागी ठरल्या. धक्क्याला लागणाऱ्या पाण्याचा आवाज त्या दुपारी पहिल्यांदाच ऐकू आला.

“हा वारा डिझेलचा आहे,” माया म्हणाल्या. “खरा वारा या वहीत आहे, माथ्यावरचा. आणि खरी गरज या दुसऱ्या वहीत.”

क्रांतीताईंनी हात पुढे केला. तासभर त्यांनी दोन्ही वह्या वाचल्या, मधूनमधून बिराप्पाला बोलावून विचारलं. तो त्यांना जनरेटरच्या खोकण्या-कण्हण्याच्या नकला करून दाखवत होता आणि त्या गंभीरपणे टिपून घेत होत्या. त्या तासात नाथाजीराव सावरले. समिती निघताना ते म्हणाले, “मीच बाईंना सांगितलं होतं, प्रत्यक्ष दाखवा म्हणून. आमच्या संस्थेत पारदर्शक कारभार आहे.” समितीतल्या एकाने त्यांचं अभिनंदनही केलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पवनचक्क्या नामंजूर झाल्या, सुधारित योजना मागवली गेली. एप्रिलमध्ये मायांची ऑर्डर संपली. एक दिवसाचा खंड पडला आणि तो खंड संपलाच नाही. राजारामची लाँच राहिली. लाँच चालवायला दुसरं कुणी मिळत नव्हतं. सुधारित योजना जयराजच्या नावाने गेली. बिराप्पाने ती ऑफिसात वाचून घेतली आणि मला येऊन सांगितलं, “भिरभिऱ्या, शबुद न् शबुद ताईंच्या वहीतला हाय. खोकणं-कण्हणं तेवढं गाळलंय.” आणि अहवालाच्या शेवटी माझ्यावरही एक ओळ होती: उपकरण सदोष असून अधूनमधून बंद पडते. आयुष्यात मी एकदाच वेळेवर, खऱ्या कारणासाठी थांबलो, आणि त्याबद्दल सदोष ठरलो. मला भंगारात काढलं.

शहाण्णवचा हिवाळा सरता सरता गोबरगॅस सुरू झाला. शेणाच्या टाकीचं उद्घाटन करायला मंत्री आले. टाकीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नाथाजीरावांनी भाषणात सांगितलं की दिखाऊ पवनचक्क्यांच्या मागे न लागता आपण मातीतला मार्ग निवडला. टाळ्या फार झाल्या. जनरेटर आता दिवसाचे अडीच तास चालतो, डिझेलचा बॅरल आठवड्यातून एकदा येतो.

बिराप्पाने पोरांना खेळायला म्हणून मला कार्यालयातून मागून घेतलं. भंगारच ते, कुणी नाही म्हटलं नाही. त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि एस.टी.ने थेट पलूसला आणलं. तिथे मुलींच्या शाळेत माया विज्ञान शिकवत होत्या. कायम नोकरी. शाळेच्या गच्चीवर खांब उभारून त्यांनी मला बसवलं. एक गोष्ट तेवढी मला आजही आठवते. उद्घाटनानंतर आठ दिवसांनी राजाराम पलूसला आले होते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांजवळ बसून त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. माळा, मंत्री, भाषण. सांगताना त्यांचाच आवाज चढत होता. “तुझं नाव कुटंच न्हाई गं. एकदाबी न्हाई.”

मायांनी कुरडया उलटवल्या. “आबा, पंप दुपारी लावतात का?”

“व्हय. दुपारीच.”

“मुलींच्या वसतिगृहात गरम पाणी येतं?”

“येतंया. चांगलं कडाक येतंया.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या, आणि पुढची कुरडई उलटवली. पण ती तुटली. तुटलेले तुकडे त्या बराच वेळ जुळवत बसल्या.

परवा, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात, शाळेसमोर जीप थांबली. जयराज उतरले. केस पिकायला लागलेत. साताऱ्याकडच्या पठारांवर आता खरोखरच्या पवनचक्क्या उभ्या राहताहेत, तिथे वाराही भरपूर आहे. ते बघून नाथाजीरावांना पुन्हा हुक्की आली होती. जयराजना मायांची पहिली वही हवी होती, माथ्यावरची.

“तुमच्याशिवाय खरे आकडे कुणाकडे नाहीत,” ते म्हणाले. मान खाली होती. “त्या वेळी... जाऊ दे. माझी चूक झाली.”

माया वही घेऊन आल्या. त्या येईपर्यंत जयराज गच्चीवर माझ्याजवळ उभे होते. दुपार तापलेली, उसाचं पातंही हलत नव्हतं. मी शांत होतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मी चालू आहे की नाही ते बघायला माझ्या एका वाटीला बोटाने टिचकी मारली. मी दोन फेऱ्या फिरलो. तेवढ्यात जिन्यावरून माया आल्या.

“बोट काढा जयराज,” त्या म्हणाल्या. “मग वाचा.”

जयराजनी हात मागे घेतला. मी थांबलो. मायांनी त्यांच्या हातात वही दिली आणि पहिलं पान स्वतः उघडून दिलं. ते उन्हात उभ्याउभ्याच वाचू लागले.

रोज सकाळी साडेआठला आता शाळेच्या मुली पाळीपाळीने माझा आकडा लिहितात. कधी वारा नसतो, तेव्हा त्या हिरमुसतात. तुम्हीही कधी पलूसला आलात आणि मी थांबलेला दिसलो, तर माझी एकच विनंती आहे. मला फुंकर मारू नका. जे दिसेल ते लिहा आणि खाली सही करा.